माझ्या वाढदिवसाची सायकल

रविवार, संध्याकाळ

सायकल दारात उभी आहे. बघावंसंही वाटत नाही तिच्याकडे.

वाढदिवसाला माउंटन बाइक हवी, आपण दोघं दुकानात जाऊ, मी उभी राहून माप बघेन, असं किती वेळा सांगितलं होतं. सुधीर आज एकटाच जाऊन घेऊन आला. म्हणे सरप्राइज. पाय टाकून उभी राहिले तर मधली दांडी मांड्यांमध्ये रुतली, टाचा जमिनीला टेकेनात.

"सीट खाली कर ना."

सीट पार खाली होती. आणि सीटबरोबर दांडी खाली येते का?

"फ्रेमच मोठी आहे. मले विचारलं काहून नाही?"

"होईल सवय. तू तर प्रत्येक गोष्टीत खोट काढून राहिली."

त्याला माझी उंची माहीत नाही? वरच्या फळीवरचे डबे रोज त्यालाच काढायला लावते मी.

मग सीट वर करून स्वतःच बसला. दांडी, हँडल, सगळं बरोब्बर त्याच्या मापाचं. तलावाला चक्कर मारायला गेलासुद्धा. पोट्टी हसली, "मम्मी, ये तो पापा की साइकिल है।" मला हसू आलं नाही. दांडी रुतली तिथं अजून दुखतंय.

दुकानात फोन केला. ते म्हणाले, बदलून देऊ, फक्त रस्त्यावर चालवलेली नको. तेवढ्यात हा घामाघूम, खुशीत परत आला. चाकं चिखलाने भरलेली. त्याला दुकानदाराचं सांगितलं.

"मग राहू दे आता," म्हणाला. "तूही चालवत जा मधूनमधून."