कंधार आलं की गाडी तापते

८ ऑक्टोबर
कंधारच्या अलीकडं काटा पुन्हा लालवर. बॉनेट उघडलं तर नुसती वाफ. उर्मीला नववा लागलाय. पहिल्या बाळंतपणाला म्हणून मोठ्या तोऱ्यात माहेरी आणली आन् बाभळीखाली बसवून ठेवली. नांदेडची तपासणी बुडाली. तिचं बीपी वाढलेलं. डॉक्टरीणबाईनं बजावलंय, कळा सुरू झाल्या की तडक नांदेड, वाटेत थांबायचं न्हाई. आन् आमची ही चारचाकी महाराणी!
हे म्हणाले, "इंजिन थकलंय." थकायला ते काय ह्यांच्यासारखं दुपारभर लोळतं?

९ ऑक्टो.
जळकोटला रऊफभाई मिस्त्रीकडं. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवं भरलं. पंखा फिरतो, पाइप फुटलेला न्हाई. रऊफभाईनं ह्यांना विचारलं, "साहेब, गाडी कुठं शेतात-बितात घातली का?"
"रस्त्यानंच चालवतो. आभाळात चालवावी का?" म्हणून स्वतःच हसले. रऊफभाई बिचारा कसनुसा हसला.
लातूरहून जावयाचा फोन. "मामी, हेड गॅस्केट गेलं असंल." बायकोला बघायला यायला सवड न्हाई, पण तिथं बसून ह्याला गॅस्केट दिसलं.
भाड्याची गाडी सांगून ठेवा म्हणलं, तर हे: "दारात गाडी असून भाड्याची? गावात काय तोंड दाखवावं?" आतापर्यंत तरी काय दाखवून राहिले, देव जाणे.

११ ऑक्टो.
तपासणीला निघालो. मीच चालवत होते, ह्यांच्या हाती देऊन जीव घालवायचा न्हाई. गावात ठीक, जळकोटला ठीक. कंधारच्या चढाला काटा वर. ए.सी. बंद, काचा खाली, कशाचा उपेग न्हाई.
उर्मी म्हणली, "आई, शेंगा भाजल्यासारखा वास येऊन राहिला."
हे लगेच, "शेतात कुणी भाजत असंल."
भर दुपारी, आमच्या गाडीच्या आत? बोलताना माझ्याकडं बघंनात. माणूस खोटं बोलतो तेबी धड न्हाई.

१२ ऑक्टो.
सकाळी चहा ठेवायच्या आधी मी गाडीपुढं बसले. पुढच्या जाळीत वेणीचा आकडा घातला, खरवडलं. आकड्याला सोयाबीनचं भुसकट! ओढावं तेवढं निघतंच. रऊफभाईला बोलावून पुढचं मुस्काट खोलवलं. ए.सी.ची जाळी आन् रेडिएटर, दोन्हीच्या मधी भुसकट ठासून भरलेलं, उशीत कापूस भरावा तसं. वारा जायला जागाच न्हाई. बिचारं इंजिन काय करंल?
ह्यांना समोर उभं केलं. मग निघालं. ह्यांचा धाकटा भाऊ गणपत. मळणीयंत्राचा नंबर लागंना म्हणून त्यानं सोयाबीन डांबरी रस्त्यावर पसरलं, आन् हे रोज, मी शाळेत शिकवायला गेले की, आमची गाडी त्याच्यावरून पुढं-मागं फिरवून राहिले. बैलासारखी!
"तुला सांगितलं असतं तर तू गणपतला बोलली असतीस."
हाव, बोलले असते! भावाला बोल लागू नये म्हणून बापानं लेकीला दोनदा रस्त्यावर उकडली. मिस्त्रीनं तोंडावर विचारलं तरी थट्टेवारी नेलं. आजवर ह्यांचा राग यायचा. आज शिसारी आली.
रऊफभाईनं आतून बाहेर पाणी मारून जाळी धुतली. कंधारपर्यंत जाऊन आले. काटा अर्ध्यावर.


१५ ऑक्टो., नांदेड
पहाटं कळा. उर्मी मागं आडवी, हे माझ्या शेजारी. गावच्या शिवंपाशी बघते तर रस्ताभर सोयाबीन, ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत. मधोमध गणपत हात वर करून उभा.
"वहिनी, चाललाच आहात तर दोन फेऱ्या मारून जा की!"
मी काही बोलायच्या आधीच हे खाली उतरले. गणपतचं दाताळं हिसकून सोयाबीन बाजूला ओढायला लागले. जन्मात कधी धरलं न्हाई, निम्मं स्वतःच्याच चपलेवर ओढून घेतलं. गणपत बोंबलला, "दादा, येडा झालास का?" हे ओढतच राहिले. चाकांपुरती वाट झाली तशी मी गाडी काढली. थांबले न्हाई. आरशात दोघं भाऊ दाताळं धरून ओढाताण करताना दिसले.
कंधार गेलं, लोहा गेलं. काटा अर्ध्याच्या वर सरकला न्हाई. उर्मीला आत घेतलंय. बीपी लई हाय म्हणतात, पुढचं कुणी सांगंना.
ह्यांचा फोन आला. "काटा कुठंय?"
"अर्ध्यावर. तुम्ही कुठं?"
"जळकोट स्टँडवर. नांदेडची यष्टी बघून राहिलो." मी फोन ठेवला.
खाली जाऊन गाडी बघून आले. जाळीत दोन-चार शेंगा पुन्हा अडकल्यात. काढल्या न्हाईत. येऊ द्या ह्यांना, आपल्या हातानं काढतील.
वर उर्मीला आत नेलं ते दार अजून उघडलं न्हाई.