गाऱ्हाणं कोण घालणार?

प्रिय अक्षता,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे असंच लिहिणार होतो, पण पहिल्याच ओळीत थाप कशाला? माझ्या घशात गाठ झाली आहे. येत्या गुरुवारी परळला ऑपरेशन आहे. गाठ काढता येईल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात. आवाज राहील का, असं विचारलं की मात्र फाईल चाळू लागतात. महिनाभर तुझे फोन टाळून ‘घसा बसलाय’ असे मेसेज करत होतो, ते याचसाठी. आईलाही मीच गप्प केलं होतं. तिच्यावर चिडू नकोस.

बोलायची बंदी आहे, म्हणून दिवसभर गॅलरीत बसून असतो. खाली डिलाईल रोडची वर्दळ चालू असते. भीती मरणाची नाही गं, खरंच नाही. आवाज गेला तर उरेल तो कोण, याची आहे. तुझी आई म्हणते, उरेल तो माझा नवरा, आणि घरात जरा शांतताही होईल. मला हसवायला म्हणते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते.

तुला ठाऊक आहे, फोर्टातल्या विमा कचेरीत मी म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल होतो. साहेबांना माझं नाव निवृत्तीच्या हारापर्यंत नीट आलं नाही. पण गणपतीत चाळीतल्या सगळ्यांसमोर उभं राहून मी गाऱ्हाणं घालायचो, ‘बा देवा महाराजा, आज जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंका सुखात ठेव रे महाराजा!’ आणि मागून सगळी चाळ ‘व्हय महाराजा!’ म्हणून गर्जायची, तेव्हा मला वाटायचं, हा मी. तू लहानपणी चौरंगावर चढून माझी नक्कल करायचीस, तीही हातवाऱ्यांसकट.

आरतीआधी लोक कानाशी येऊन मागणी सांगायचे. कुणाला नोकरी हवी, कुणाला मूल. राधाबाईंना सुनेचा राग कमी व्हायला हवा होता, तर सुनेला राधाबाईंचा. दोघींचंही घातलं! एका वर्षी शेजारचा दगडूमामा येऊन म्हणाला, ‘माका काय नको रे. बांगडो ताजो गावता, झोप लागता, तेवढां देवाक कळव.’ आम्ही सगळे त्याला हसलो होतो. आता गॅलरीत बसून चहाचा घोट जपून गिळताना वाटतं, एवढ्या माणसांत शहाणा तो एकटाच होता. बाकी आम्ही पुढच्या वर्षीचं मागण्यात चालू वर्ष जगायचं विसरलो. हे कळलं ते बरंच झालं, पण कळूनही धाकधूक काही जात नाही.

काल सकाळी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, जगाचं घातलं, एकदा आपलं घालूया. ‘बा देवा महाराजा’ एवढं कसंबसं कुजबुजलो आणि पुढे शब्दच नाही! लोकांची दुःखं मला तोंडपाठ होती, माझं मात्र सांगता येईना. तसंही, आपलं गाऱ्हाणं आपणच घालायचं नसतं. आपल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी उभं राहावं लागतं.

म्हणून हे पत्र. बुधवारपर्यंत ये. गुरुवारी सकाळी निघण्याआधी देव्हाऱ्यासमोर उभी राहा आणि माझ्यासाठी गाऱ्हाणं घाल. आपल्यात बायका घालत नाहीत, माहीत आहे मला. ज्यांना नाकं मुरडायची त्यांना मुरडू दे. काय मागायचं ते तू ठरव, मला विचारू नकोस. इतकी वर्षं गाऱ्हाणं मीच घालत आलो, त्यामुळे सगळ्यांसोबत ‘व्हय महाराजा’ म्हणायला मला कधी मिळालंच नाही. डॉक्टरांची बंदी असू दे. आवाज आहे तोवर एकदा ते मोठ्यानं म्हणायचं आहे, तुझ्या मागे उभं राहून.

तुझाच,
बाबा