दवात तोडलेली पाने

कुंदन,

आईला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेते आहे. शेजारचे विनोदभाऊ गाडी घेऊन आले आहेत. तिला सारख्या उलट्या होत आहेत, अंग गार पडले आहे आणि नाडी मला नीट सापडत नाही. तू दिघोरीला बी वाटायला गेलास, तिथे फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी.

आजोबांच्या वेळच्या वाणाच्या तंबाखूचे पान दवातच तोडायचे, म्हणजे फाटत नाही, हा तुझा सिद्धान्त तिने आज पहाटे परसात अमलात आणला. ओला भारा छातीशी धरून आणला. ओल्या पानाचे विष कातडीतून अंगात उतरते, हे मी सांगितले तेव्हा तू हसला होतास: "पुस्तक वाचून शेती होत नसते, ताई." पुस्तक खरे ठरल्याबद्दल मी दिलगीर आहे.

तिचे भिजलेले लुगडे न्हाणीत आहे. उघड्या हाताने उचलू नकोस. कोरडे कपडे आण.

आताच गाडीत बसवताना ती म्हणाली, "मले काही नाही झालं. कुंदनची पानं सावलीत टांगजो, नाही तं तो चिडन."

पाने ओट्यावर तशीच आहेत. त्यानंतर ती काही बोललेली नाही. लवकर ये.

स्वाती