गेनूचा जबाब

चाकण, ४ मार्च १९५६

आदरणीय सुलभाबाई, बालमानसशास्त्र विभाग, पुणे यांस,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे, पण टपालात टाकवत नाही.

मुले मारकुटी का होतात, या तुमच्या संशोधनासाठी मी गावातल्या मुलांचे जबाब लिहून घेतो. गेनू म्हणाला, "बा आसुडानं मारतो. मोटा झालो की मीबी त्याला मारीन." चावडीवर जबाब वाचून दाखवून घरच्या कर्त्याचा अंगठा घेतात. तुम्ही सांगितले नव्हते, तरी कागद पक्का व्हावा म्हणून मी तो बापाला वाचून दाखवला. "झ्याक लिवलंय, राव," म्हणत त्याने अंगठा दिला.

गेनू गाव सोडून गेला, हे मी तुम्हाला खोटे कळवले. अंगठा दिला त्याच दिवशी बापाने त्याला मारले आणि तिसऱ्या दिवशी गेनू वारला.

काल त्याच्या आईने विचारले, "पोरगं तुमाला काय बोललं व्हतं?"

मी म्हणालो, "शाळा आवडते म्हणाला."

तुमचा लेखनिक,
ज्योतीराम