उत्तर खालीच लिहावे

३ मार्च, सोमवार
शिलाई मशीन दुरुस्तीच्या आमच्या ई-मेल ग्रुपच्या मॉडरेटरबाई दोन आठवड्यांनी पद सोडणार. दोनशे बारा सभासद, त्यात लायक माणूस एक. नाव लिहीत नाही, रोजनिशी माझीच आहे.

काहीजण बेल्टवाल्याचं नाव घेतात. तो मशीनचे बेल्ट विकतो, सगळ्यांशी गोड बोलतो. पण उत्तर वर लिहितो. विषय संपला.

गेली चार वर्षं नियम पाळणारा मी एकटा. आधी समोरच्याचा मजकूर, त्याच्या खाली आपलं उत्तर. बाकीचे वरच खरडून मोकळे. म्हणजे आधी काजं-बटणं, मग शर्ट. प्रत्येकाला मी हे लेखी सुनावलेलं आहे. एकूण सहाशे अडतीस मेल. उलट उत्तर द्यायची एकाचीही हिंमत झाली नाही. बोलती बंद.

संकल्प: मॉडरेटर झाल्याझाल्या वर लिहिणाऱ्यांना डच्चू.

४ मार्च, मंगळवार
हिला सांगितलं. हिने विचारलं, त्याने काय होतं. समजावण्यात अर्थ नव्हता. मेहुण्याला फोन केला. तो अभिनंदन म्हणाला, पण घाईघाईने. जळला.
पेंटरला दुकानाची नवी पाटी सांगितली. नावाखाली ‘मॉडरेटर’.

५ मार्च, बुधवार
ग्रुपवर एका शिवणकामवाल्या बाईंचा मेल. मशीन टाका सोडतंय, शनिवारी शाळेचे चाळीस युनिफॉर्म द्यायचेत, काय करू. मला मिनिटात कळलं, सुई उलटी बसवली आहे. एकतीस ओळींचं उत्तर लिहिलं. पहिल्या एकोणतीस मेल कसा लिहावा यावर, कारण बाईंनी दुसऱ्याच कुणाचा तरी अख्खा मेल खाली तसाच लोंबत ठेवला होता. शेवटच्या दोन सुईवर. शिस्त आधी.

६ मार्च, गुरुवार
बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. हात जोडून विचारते म्हणे. उत्तर समोर ठेवलंय आणि ह्या हात जोडतायत. डोळे आहेत की बटणं? एकदा दिलेलं उत्तर मी दुसऱ्यांदा देत नाही.

८ मार्च, शनिवार
बाईंचे सोळाच युनिफॉर्म झाले. बाकीचे शाळेने दुसरीकडे दिले, पुढच्या वर्षीचं कामही काढून घेतलं. ग्रुपवर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. सगळ्यांनी वर. मी खाली लिहिलं, आता तरी वाचायला शिका.

१० मार्च, सोमवार, दुपारी
मॉडरेटरबाईंचा फोन आला. म्हणाल्या, सगळ्यांशी बोलले, एकमताने तुमचंच नाव. बेल्टवाल्यानेही तुमचंच सुचवलं. पुढच्या सोमवारी जाहीर करते.
कारण विचारलं. कारण ऐकायचंच होतं. त्या म्हणाल्या, इतका सज्जन माणूस ग्रुपवर दुसरा नाही, चार वर्षांत कुणाला वाकडा शब्द बोलला नाहीत. मी म्हटलं, बोललो नाही कसा, सहाशे चाळीस वेळा बोललोय. त्या हसल्या. मग चाचरत म्हणाल्या की काका, तुमचे मेल कोरे येतात. मोबाईलवर जुना मजकूर झाकलेला असतो, त्याच्याही खाली कोण जाणार. आम्हाला वाटायचं, तुमचं बोट चुकून लागतं. सगळे प्रेमाने मौनीबाबा म्हणतात तुम्हाला.
फोन ठेवला आणि स्टुलावर बसून राहिलो. चार वर्षं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

त्याच दिवशी, संध्याकाळी
विचार केला. दोष माझा नाही. वाचणाऱ्यांचा आहे.

११ मार्च, मंगळवार
ही म्हणते, सोमवारपर्यंत गप्प बसा, आयतं पदरात पडतंय. सहा दिवसांचाच तर प्रश्न आहे म्हणे. वर असंही म्हणाली की तुम्हाला न वाचता लोकांना तुम्ही आवडता, हे नशीब समजा.
हिला तत्त्व कळत नाही. लोक एका मुक्याला निवडतायत. मला माझ्या विचारांसाठी निवडून यायचंय.
संकल्प: सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस उत्तरं पुन्हा पाठवायची. या वेळी माझं उत्तर वर. एकदाच, सवलत म्हणून.

१३ मार्च, गुरुवार
काल-आज दुकान बंद. दोन गिऱ्हाइकं मशीन डोक्यावर घेऊन आली तशी परत गेली. संध्याकाळी सहाला शेवटचा मेल पाठवला. मान आखडली. समाधान मोठं.

१४ मार्च, शुक्रवार
लोक वाचतायत! फोन खणखणतोय.
बेल्टवाल्याने विचारलं की माझे वडील गेले तेव्हा खरंच तुम्ही मला हे लिहिलं होतंत का. लिहिलं होतं. की बातमी दोन ओळींत बसली असती, आणि सांत्वन करणाऱ्यांना खाली लिहायला सांगा. म्हटलं, हो, आजही माझं तेच मत आहे. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.
शिवणकामवाल्या बाईंनीही फोन केला. म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला बुधवारीच माहीत होतं? अर्थात, म्हटलं. तिसावी ओळ बघा. त्या रडत होत्या बहुतेक. इतक्या उशिरा अक्कल आली की माणसाला रडू येतंच.

१५ मार्च, शनिवार
ग्रुपवर एकही मेल नाही. वाचत असतील. सहाशे चाळीस म्हणजे वेळ लागणारच. पेंटर पाटी लावून गेला.

१७ मार्च, सोमवार, सकाळी अकरा
अजून जाहीर नाही. मॉडरेटरबाईंना सात फोन केले. त्या कामात असणार, भाषण वगैरे.

दुपारी चार
मेहुण्याचा फोन. त्याला बाजारात कळलं. बेल्टवाला मॉडरेटर झाला, शनिवारीच. मला काढायचं की नाही यावर मतदानही झालं. काढा म्हणणारे दोनशे अकरा. दोनशे बारावा मी. म्हणून ग्रुप शांत होता. माझ्यापुरता.
मेहुणा मनापासून हळहळला. या वेळी त्याला घाई नव्हती.

रात्री साडेआठ
अशा ग्रुपमध्ये मला राहायचंच नाही. परखड राजीनामा लिहिला, तीन पानी. पाठवला. परत आला. सभासद नसलेल्यांचे मेल घेतले जात नाहीत.
राजीनामा द्यायचा तर आधी सभासद असावं लागतं. तसा अर्ज भरला. कारण विचारलं होतं, तिथे ‘राजीनामा देणे’ असं स्पष्ट लिहिलं.
अर्ज बेल्टवाल्याकडे जातो.