बर्फाचं सुतक

प्रिय मुंबेरेदादा,

कंपालाहून तू पाठवलेलं तुझ्या पर्यटन कंपनीचं माहितीपत्रक मिळालं. 'विषुववृत्तावरचा चिरंतन बर्फ' हे झकास लिहिलंयस. खाली बसून लिहिलं की बर्फ चिरंतनच असतो.

परवा मी पर्यटकांची ओझी घेऊन आपल्या डोंगरावर गेलो होतो. गोऱ्यांनी आपल्या राणीचं नाव दिलेल्या त्या शिखराखाली हिमनदी दुभंगली आहे. आजोबांनी त्या गोऱ्यांची ओझी बर्फातून वाहिली. मी त्यांच्या नातवंडांची वाहतो, ती नुसत्या काळ्या खडकावरून.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीवर कसाव्याच्या कंदाचं पीठ घोटत होती.

"म्हणजे बर्फातला देव घर सोडून गेला," ती म्हणाली. "चूल विझवून सुतक धरायला हवं."

"मग धर की!"

"तू कोण रे सांगणारा? तिसरा मुलगा तू! घरातलं मरण थोरल्यानं तोंडानं सांगायचं, मगच रडायचं. तुझा बाप गेला तेव्हा मुंबेरे येईपर्यंत गिळलंच ना मी रडू?"

तेव्हापासून ती डोंगराकडे पाठ करून दारात बसते. शेजारणींना सांगते, "थोरला येतोय."

दादा, तू आलास तर बर्फ मेला म्हणावं लागेल, आणि मग तुझी नोकरी कशी टिकणार? म्हणून हे पत्र टाकत नाही. आई न रडताच जाईल असं दिसतंय. तेव्हा मात्र निरोप धाडीन. ते मरण तरी सांगायला ये. आम्ही सगळे रडण्यासाठी तुझीच वाट बघत थांबलेले असू.

तुझा दमलेला तिसरा,
मासेरेका