काचेच्या दोन बाजूंना

इंदूर,
१४ सप्टेंबर

चि. मधू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर केला म्हणून रुसू नकोस. इकडे पाऊस ओसरलाय, माझा गुडघा बरा आहे, शेजारची पलक रोज डोकावून जाते.

तू विचारलंस, "माझा अथर्व कॅनडाला चाललाय, मागे मी एकटीच. ताई, मी कायमची तुझ्याकडे येऊ का?" सांगते. आधी माझ्या माशाचं ऐक.

गेल्या वर्षी चातुर्मासात तू आलीस तेव्हा तो वीतभर होता, आता हातभर झालाय. नाइफफिश. रुपेरी अंग, कुशीवर काळ्या ठिपक्यांची ओळ, पाठीला बाक. दिवसभर काचेच्या टाकीत ठेवलेल्या पाइपात दडून असतो. तिन्हीसांजेला मी टाकीतला दिवा मालवला की अलगद बाहेर येतो. पोटाखालचा लांबच लांब पर हलत राहतो, माहेश्वरी साडीचा काठ वाऱ्यावर हलावा तसा. पुढे जातो आणि न वळता तसाच मागे येतो. बघता बघता मी आपल्या कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये पोचते. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन, मेणाचा वास, आणि शेजारी पेंगणारी तू.

पण स्वभाव! सोबतचे सगळे मासे त्याने गिळले. मग मलाच त्याची दया आली. एवढ्या पाण्यात एकटा. दुकानातल्या यशवर्धनने बजावलं होतं, "आंटीजी, इसको अकेला ही रेने दो. ये किसी को नी झेलता."

मी म्हटलं, "भिया, अपने जैसा कोई मिलेगा तो सुधर जाएगा."

"शादी करा री हो क्या इसकी?"

हट्टाने तेवढाच दुसरा आणला. सकाळी बघते तो दोघांचे पर फाटलेले. मग यशवर्धननेच हसत हसत टाकीच्या मधोमध भोकांची काच बसवून दिली. पाणी एक, घरं दोन.

आता जखमा भरल्यात. संध्याकाळी दोघं त्या काचेपाशी येतात. हा इकडून, तो तिकडून, अंगाला अंग लावल्यासारखे बराच वेळ तरंगत राहतात.

सिस्टर अ‍ॅग्नेस आपल्याला मुद्दाम एका बाकावर बसवायच्या, बहिणींनी गोडीने राहावं म्हणून. आणि आपण रोज पेन्सिलीवरून झिंज्या उपटायचो. गेल्या वर्षीही तेच झालं. कांदा, लसूण, फ्रिजमधली माशासाठीची कोळंबी. तू म्हणालीस, "या स्वयंपाकघरात माझा देव जेवणार नाही." मी म्हटलं, "मग त्याला घेऊन जा." तू गेलीसच.

परवा गवंडी बोलावून वरच्या खोलीत ओटा घालून घेतला. शेगडी वेगळी, सिलिंडर वेगळा, जिना बाहेरून. नानासाहेब काका करवादले, "सख्ख्या बहिणी आणि वेगळी चूल? लोक काय म्हणतील!" म्हणू देत.

खरं सांगू? हल्ली त्या टाकीसमोर बसून मी मोठ्याने बोलत असते, आणि मध्येच थांबते, तुझ्या "हूं"साठी.

ये. खाली माझा कांदा परतला जाईल, वर तुझा देव जेवेल. दुपारचा चहा कुणी करायचा, ते रोज भांडून ठरवू.

जिन्याचं दार उघडं ठेवून,
तुझी ताई